दादाच्या नावाची ड्युटी

माझ्या आयुष्यातली पाच वर्षं मी कंपनीत गेलोच नाही, असं कागदपत्रं म्हणतात. मी गेलो, रोज गेलो, पण मोठ्या भावाच्या नावाने. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कंत्राटदाराकडून मी फिटर होतो, आणि त्याच वेळी माझा खराखुरा दादा उल्हासनगरात माझ्या नावाने जीन्सच्या पॅन्टींना इस्त्री मारत होता. आज बदलापूरला पंप दुरुस्तीचं माझं स्वतःचं दुकान आहे, पाटीवर माझंच नाव आहे, आणि गिऱ्हाइकांना हे सांगितलं की ती पोट धरून हसतात. हसू देत. मलाही हसू येतं. पण दादासमोर मी हा विषय अजून काढत नाही.

सुरुवात माझ्या बीजगणितापासून झाली. दहावीला मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा बीजगणिताने मला उचलून आपटलं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आयटीआय फिटर, तोही पहिल्या वर्गात पास. त्याचा हातच तसा होता. शेजाऱ्यांचं शिलाई मशीन म्हणा, कुणाचा बंद पडलेला मिक्सर म्हणा, त्याच्यासमोर ठेवायचं आणि चहा प्यायला जायचं, येईपर्यंत चालू. डोकं मात्र गरम. बाबांनी एकदा त्याला न विचारता त्याच्या नावाने कुठल्यातरी ऑफिसात शिपायाच्या जागेसाठी अर्ज टाकला, त्यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं, आणि दादा चार कपडे पिशवीत कोंबून मित्राबरोबर वापीकडे निघून गेला. वर्षभर ना पत्र, ना फोन. त्याची सर्टिफिकिटं मात्र बाबांच्या फायलीतच राहिली.

बाबांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. ते एका सरकारी ऑफिसात रेकॉर्ड सांभाळून रिटायर झाले होते. माणसावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता, कागदावर पूर्ण. घरात कुणाला ताप आला तर ते आधी जुना केसपेपर शोधायचे आणि मग कपाळाला हात लावायचे. खोटं बोलणं त्यांना बिलकुल खपायचं नाही. पण एखादी गोष्ट कागदावर आली की ती त्यांच्या लेखी खोटी उरायची नाही, हाच सगळा घोळ होता.

तर दोन हजार सालानंतरच्या एका दुपारी त्यांच्या ओळखीच्या कंत्राटदाराने सांगितलं की कंपनीत फिटर पाहिजे, आयटीआय असलेला, लगेच. बाबांनी फाइल उघडली, दादाचं सर्टिफिकीट बघितलं, मग चटईवर आडवं पडून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकणाऱ्या माझ्याकडे बघितलं.

"कागद पडून आहे आणि तूही पडून आहेस," ते म्हणाले. "दोघं मिळून कामाला जा."

आई म्हणाली, अहो, पण तो परत आला तर? बाबा म्हणाले, आला तर तेव्हा बघू. कंत्राटदाराच्या कारकुनाने सर्टिफिकिटावरचा फोटो बघितला, मला बघितलं. आमच्या घरात नाक सगळ्यांचं एकच आहे, दोन बोटं पसरट. त्याने नाक ओळखलं आणि म्हणाला, थोडा बारीक झालायस. मी म्हटलं, हो, कावीळ झाली होती. अशी माझी नोकरी लागली.

पहिल्याच दिवशी फोरमनने माझ्या हातात व्हर्निअर दिला. फोरमन म्हणजे पन्नाशीचा, मिशी पांढरी, गालात कायम तंबाखू, आणि आवाज असा की पंप चालू असताना पंपच गप्प झाल्यासारखा वाटायचा. एक शाफ्ट दाखवून म्हणाला, माप घे. मी व्हर्निअर शाफ्टला लावला, डोळे बारीक केले आणि गंभीरपणे म्हणालो, "ठीक आहे, साहेब."

"ठीक आहे म्हणजे किती?"

"म्हणजे, पाहिजे तेवढं आहे."

आता हा मला कॉलर धरून बाहेर काढणार, असं वाटलं. पण फोरमन थुंकून आला आणि म्हणाला, आयटीआयवाले सगळे असेच येतात, पेपरात पास आणि हातात नापास. आणि त्याने मला पहिल्यापासून शिकवायला घेतलं. म्हणजे मी खरा फिटर असतो तरी त्याने मला एवढंच ओळखलं असतं. मला हायसं वाटलं आणि दादाच्या बाजूने थोडा रागही आला.

आठ महिन्यांनी दादा परत आला. मी पहिली पाळी करून जेवायला बसलो होतो, अंगात कंपनीचा निळा ड्रेस. तो दारात उभा, वाळलेला, दाढी वाढलेली, वापीत काही जमलं नव्हतं हे तोंडावरच लिहिलेलं. आईने त्याला पोटाशी धरलं. तिचं रडून झाल्यावर त्याने माझ्या ड्रेसकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हा कुठे लागला? मग बाबा म्हणाले, "हा नाही लागला. तू लागलायस."

दादाला आधी कळलंच नाही. बाबांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, तू कंपनीत आहेस, तुझी हजेरी चांगली आहे, फोरमन तुझ्यावर खूश आहे. दादा जो हसत सुटला तो थांबेना. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसला. मग हसणं थांबलं आणि तो बराच वेळ माझ्या ड्रेसच्या खिशावर टाचलेल्या नावाकडे बघत राहिला. ते त्याचं नाव होतं.

तो मला कॉलर धरून ओढू शकला असता. मी असतो तर ओढलं असतं. पण कंत्राटदाराला बाबांनी मागाहून खरं सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, बोभाटा झाला तर दोघांवर केस होईल, आणि दादाने ते ऐकून एवढंच म्हटलं, "राहू दे. चार महिने बघू. मी दुसरीकडे लागतो." दुसरीकडे लागायला सर्टिफिकीट लागतं, आणि ते बाबा देईनात. एक माणूस एकाच वेळी दोन कंपन्यांत फिटर कसा दिसेल, फंडाच्या कागदावर पकडला जाशील, हे त्यांचं म्हणणं. फाइल कपाटात आणि किल्ली कमरेला. मग शिल्लक राहिलेला कागद कोणता, तर माझा दहावी नापासचा. तो घेऊन पहिल्या वर्गात पास झालेला फिटर उल्हासनगरात एका जीन्सच्या कारखान्यात इस्त्रीवर लागला. त्या शेटने कागद मागितलाही नव्हता. बाबांनी पाठवलेली झेरॉक्स त्याने न बघता टेबलावर ठेवली आणि तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला, असं दादाने मला सांगितलं. सांगताना तो हसत होता, पण मला ते बघवत नव्हतं. चार महिन्यांची पाच वर्षं झाली.

बाबांना आता घरातही घोळ नको होता. तोंडाला वळण पडलं पाहिजे, म्हणून त्यांनी हुकूम काढला की घरीही आम्हाला कागदावरच्या नावानेच हाक मारायची. मी मोठा, दादा धाकटा. जेवताना बाबांच्या शेजारचा पाट माझा. दिवाळीला पहिली आंघोळ माझी. पाडव्याला दादाने माझ्या पाया पडायला हवं, असंही ते एकदा म्हणाले, तेव्हा आईने हातातली पळी ताटात आपटली आणि तो विषय संपला. एरवी चालायचं. शेजारीपाजारी विचारायचे, काय हो, तुमचा मोठा अचानक बुटका कसा झाला? बाबा म्हणायचे, जन्मतारीख बघा, उंची काय बघता.

पण खरं कामकाज चालायचं ते संध्याकाळी, ओट्यावर. दादा इस्त्रीची वाफ खाऊन लाल डोळ्यांनी यायचा, मी त्याला दिवसभराचं सांगायचो. चार नंबरचा पंप गळतोय, मी शाफ्टभोवतीची ग्लँड आवळतोय, पुन्हा गळतोय. दादा लगेच सरसावून बसायचा. आवळू नकोस रे, घासून शाफ्ट खाशील, आतलं दोरीचं पॅकिंग बदल, रिंगांचे जोड एकावर एक येऊ देऊ नकोस. मग खडूने जमिनीवर आकृती काढायचा. दुसऱ्या दिवशी मी तसं करायचो आणि पंप गप. फोरमन माझ्या पाठीवर थाप मारायचा. घरी येऊन मी ती थाप दादाला सांगायचो, अगदी कुठे मारली तेही. तो ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, बेअरिंगचा आवाज कसा येत होता? त्याला पंप बघायला मिळत नव्हता ना. त्याची कंपनी, त्याचं नाव, त्याची अक्कल, आणि तो मात्र पॅन्टीच्या घड्या मोजत होता. मला वाईट वाटायचं. पण खरं सांगायचं तर मला ती थापही हवी असायची.

मग दादाचं लग्न ठरायची वेळ आली. बायोडाटा बाबांनी स्वतः लिहिला. नाव दादाचं, जन्मतारीख दादाची, शिक्षण दादाचं, नोकरी माझी. फोटो कुणाचा लावायचा यावर दोन दिवस चर्चा चालली आणि शेवटी दोघांचा एकत्र लावला. मुलगी बदलापूरची. आम्ही चौघंही बघायला गेलो. पोहे आले, मुलगी आली, बसली, तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि सरळ विचारलं, यातला मुलगा कोण? तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, दोघंही आमचेच आहेत.

दादाने दोन मिनिटं बोलायला मागितली. गॅलरीत जाऊन त्याने तिला सगळं सांगून टाकलं, इस्त्रीसकट. आत आम्ही पोहे चिवडत बसलो होतो. मला वाटलं, गेलं हे स्थळ. ती परत आली, दादाच्या पुढ्यातली रिकामी बशी उचलली आणि तिच्यात पोहे वाढून आणले. माझी बशीही रिकामी होती, पण तिकडे तिने बघितलंदेखील नाही. अशी वहिनी आमच्या घरात आली, आणि मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, धाक वाटला तरी.

लग्नात जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं. बाबांनी मला सांगितलं, लग्नाची पत्रिका कंपनीत दे. मी म्हटलं, बाबा, येड लागलंय का? ते म्हणाले, या नावाच्या माणसाचं लग्न होतंय, उद्या कामगार विम्याच्या कार्डावर बायकोचं नाव चढवायचं म्हटलं तर कंपनी विचारेल लग्न झालं कधी. कागदाला कागद जोडलेला असावा. मी चरफडत पत्रिका दिली. मला वाटलं, फोरमन शुभेच्छा देईल आणि विसरेल. फोरमन म्हणाला, आम्ही सगळे येणार, पहिली पाळी सुटली की टेम्पो करून.

अक्षता सकाळी पडल्या, दादाच्याच डोक्यावर, त्यात काही घोटाळा नाही. चारच्या सुमारास हॉलच्या फाटकात टेम्पो थांबला आणि त्यातून फोरमन, गेटवरचा वॉचमन आणि खात्यातली दहा माणसं उतरली, सगळी इस्त्रीच्या शर्टात. मी जेवण वाढत होतो. बाबा धावत स्टेजवर गेले, दादाच्या कानात बोलले. दादाने माझ्याकडे बघितलं. मग त्याने निमूटपणे फेटा काढला, हार काढला आणि खुर्चीतून उठला. मी बुंदीची बादली त्याच्या हातात दिली आणि त्याच्या जागी जाऊन बसलो.

वहिनी समोर बघत होती. ओठ न हलवता म्हणाली, "भावजी, हसू नका. तुम्ही हसलात तर मी रडेन."

मी कशाला हसतोय? मला घाम फुटला होता. तिच्याकडची एक म्हातारी पुढ्यात येऊन माझ्याकडे बघत म्हणाली, मघाचा उंच होता गं. वहिनी म्हणाली, बसलाय म्हणून वाटतं. तेवढ्यात फोरमन वर आला, त्याने माझ्या तोंडात पेढा कोंबला, मिठी मारली, वहिनीला म्हणाला, सोन्यासारखा पोरगा आहे, माझ्या खात्यात याच्यासारखा हात नाही कुणाचा. फोटोग्राफर फोटो काढत होता. आजही अल्बममध्ये वहिनीचे नवरे दोन आहेत.

खाली उतरून पंगतीत बसताना फोरमनला दादा दिसला, हातात बादली. मी वरूनच ओरडून सांगितलं, हा माझा धाकटा. फोरमन थांबला, त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उल्हासनगरला इस्त्री मारतोस ना? असं किती दिवस काढणार? दादाकडून शीक काहीतरी."

"शिकतोय," दादा म्हणाला आणि त्याने फोरमनच्या पानात बुंदी वाढली.

मी स्टेजवरून ते ऐकलं. वहिनीनेही ऐकलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि लोकांना वाटलं, सासरी जाणार म्हणून रडतेय. मला तिथल्या तिथे फेटा काढून फेकावासा वाटला. फेकला नाही. बारा माणसं पंगतीत बसली होती.

कंपनीने लग्नाची आठ दिवस रजा दिली. ती अर्थातच मला. दादाच्या शेटने 'भावाच्या लग्नाला' एक दिवस दिला होता, त्यामुळे नवरा दुसऱ्याच दिवशी इस्त्रीवर आणि दीर घरात बसलेला. लोक काय म्हणतील, म्हणून मी सकाळी जेवणाचा डबा घेऊन निघायचो आणि शिवमंदिराच्या आवारात झाडाखाली बसून राहायचो. सुट्टीच्या दिवशी फोरमन तिथे दर्शनाला आला आणि त्याने मला पकडलं. चार दिवसांची बायको घरी टाकून इथे काय करतोस? भांडलात? मी डब्याचं झाकण उघडमीट करू लागलो, म्हणून तो शेजारी बसला आणि त्याने मला तासभर संसार शिकवला, कुणी आधी बोलायचं, सासूची बाजू किती घ्यायची, सगळं. फार मनापासून सांगत होता बिचारा. मी माना डोलवत होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

दोनेक वर्षांनी वहिनीला दिवस गेले, आणि त्याच महिन्यात नोटीस लागली की कंपनी कंत्राटातल्या सहा फिटरना परमनंट करणार. ट्रेड टेस्ट द्यायची, म्हणजे हाताने काम करून दाखवायचं, मूळ सर्टिफिकीट दाखवायचं, पोलीस पडताळणी होणार. म्हणजे एकदा या यादीत मी बसलो की दादाचं नाव माझ्या अंगावर कायमचं शिवलं जाणार होतं. मला साठाव्या वर्षापर्यंत दादा राहावं लागलं असतं, आणि दादाला त्याच्या आयुष्यात पुन्हा कधी हातात कानस धरून म्हणता आलं नसतं की हे माझं काम. बाबा खूश होते. कपाटातून फाइल काढून ते सर्टिफिकीट मऊ फडक्याने पुसत बसले होते.

रविवार होता, आम्ही सगळे घरात. वहिनी पोटावर हात ठेवून बाबांच्या समोर येऊन उभी राहिली.

"माझ्या बाळाच्या बापाचं नाव मी कुणाच्या हजेरीत शोधू?" तिने विचारलं.

बाबा म्हणाले, सूनबाई, हे कागदाचं काम आहे, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, बरं, मग कागदाचंच विचारते, या सर्टिफिकिटावर फोटो कुणाचा आहे? बाबा म्हणाले, मोठ्याचा. जन्मतारीख कुणाची? मोठ्याची. सही? बाबांनी सर्टिफिकीट खाली ठेवलं. ती म्हणाली, "मग कागद आणि माणूस जुळतात की. जाऊ द्या ना त्याला."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याच भाषेत त्यांना धरलं होतं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला द्यायची नव्हती ती जागा, हे मी आज कबूल करतो. पाच वर्षांत माझा हात बसला होता. खात्यात मला मान होता, लोक मला विचारायला यायचे. ती सोडून मी कोण होतो? तीन वेळा दहावी नापास. पण दादाकडे बघितलं तर तो जमिनीकडे बघत होता आणि उजव्या हाताच्या बोटांवरचे इस्त्रीचे डाग चोळत होता. मागत नव्हता. एकदाही, कधीही त्याने मागितलं नाही. मी उठलो, खिळ्यावरचा माझा निळा ड्रेस काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

टेस्टच्या दिवशी सकाळी दादा तो ड्रेस घालून गेटवर गेला. बाह्या आखूड होत होत्या. मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीमागे उभा राहिलो. गेटमध्ये वॉचमनने त्याला अडवलं.

"ये वो नहीं है," वॉचमन म्हणाला.

दादाने सर्टिफिकीट काढून दाखवलं. वॉचमनने फोटो बघितला, दादाला बघितलं. फोटो इसका है, मान्य, म्हणाला, लेकिन आदमी वो नहीं है, उसको मैं पाँच साल से जानता हूँ, तू उसका छोटा भाई है, शादी में बुंदी परोस रहा था. दादा म्हणाला, अरे, मीच तो. वॉचमन म्हणाला, झूठ मत बोल. मूळ माणूस, मूळ कागदासकट, स्वतःच्या कंपनीच्या दारात उभा, आणि तो तो नाही म्हणून आत जाता येईना! आणि मी पुढे जावं तर तिथे दोन झाले असते. मला टपरीमागे हसू फुटलं. तेवढ्यात वॉचमनला मी दिसलो. तो हात हलवून ओरडला, अरे भाई, जल्दी आ, तेरा भाई तेरा पेपर लेके आया है!

गोंगाट ऐकून फोरमन बाहेर आला. त्याने दादाला बघितलं, सर्टिफिकीट हातात घेतलं, फोटो बघितला. मग रस्त्यापलीकडे माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग दादाला म्हणाला, "तोंडाने नको सांगूस. आत चल, हाताने दाखव."

मी नऊपासून टपरीवर बसून होतो. काय काय आलं मनात! साहेब लोक पोलिसांना बोलावतील, बाबांना या वयात चौकीत नेतील, वहिनी नववा महिना लागेपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या चढेल. टेस्ट घेणारा साहेब बाहेरून आला होता आणि त्याने आम्हा दोघांपैकी कुणालाच कधी बघितलं नव्हतं, हे मला आठवलं. मग माणसं राहिली ती खात्यातली. ती सगळी पंगतीला बसलेली माणसं होती.

एकच्या सुमारास फोरमन एकटा बाहेर आला. त्याच्या हातात टेस्टचा जॉब होता, लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत बसवलेले. त्याने तो माझ्या डोळ्यांसमोर उन्हात धरला. दोन तुकड्यांच्या फटीतून उजेडाचा दोराही येत नव्हता.

"तू केला असतास का हा?"

"नाही, साहेब."

मग त्याने मला जे झापलं ते मी लिहू शकत नाही. मला गाढव बनवलंस, म्हणाला. पेढा भरवला मी तुला. देवळात बसून संसार शिकवला. माझ्याच तोंडाने त्याला म्हणालो ना मी, दादाकडून शीक म्हणून? आणि तो बुंदी वाढत होता! त्याचा आवाज चिरकला. मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं. जरा शांत झाल्यावर म्हणाला, साहेबाने पास केलंय त्याला. मी काही बोललो नाही, खात्यातलं कुणी बोलणार नाही. माणूस खरा आहे, कागद खरा आहे. खोटा होतास तो तू, आणि तू आता कंपनीत नाहीस.

तो जायला निघाला. चार पावलं गेला आणि थांबला.

"तुझं खरं नाव काय रे?"

मी तोंड उघडलं आणि आधी दादाचंच नाव बाहेर आलं. मग मी माझं नाव सांगितलं, शाळेत नव्या मास्तरांना सांगतात तसं, आडनावासकट. त्याने ते एकदा स्वतःशी म्हटलं आणि तो आत गेला. पाच वर्षांत कुणी माझं नाव माझ्यासाठी घेतलं नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून लहान पोरासारखा रडलो, आणि येणारेजाणारे बघत होते तरी मला थांबता येईना.

टपरीवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो मला रोज चहा देणारा माणूस. त्याने मला दादाच्या नावाने हाक मारली. मी वळलो नाही. त्याने पुन्हा मारली, जरा मोठ्याने. दादा तेव्हा गेटमधून बाहेर पडत होता, आखूड बाह्या, हात काळे. त्याने तिथूनच ओ दिली.